अपूर्णांक सम की विषम? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सम-विषम संख्या शिकून झाल्या की पाठोपाठ अपूर्णांक येतात, आणि वर्गातलं एखादं चौकस पोर विचारतंच, "मग पाऊण सम की विषम?" मोठी माणसं "असं नसतं रे" म्हणून विषय मिटवतात. उत्तर चुकीचं नाही, पण 'असं का नसतं' हे विचारलं की गंमत सुरू होते. आणि थोडं पुढे गेलं की काही अपूर्णांकांच्या बाबतीत 'असं असतं'सुद्धा.

आधी सरळ उत्तर द्या. अपूर्णांक सम असतो की विषम?

दोन्ही नाही. सम-विषम ही पूर्णांकांची विभागणी आहे. शाळेत, शिष्यवृत्तीच्या परीक्षेत, स्पर्धा परीक्षेत हेच उत्तर लिहायचं.

"व्याख्येत बसत नाही" हे काही कारण झालं नाही. खरं कारण काय?

एकी-बेकीचा खेळ आठवा. मुठीत चिंचोके लपवायचे, समोरच्याने एकी की बेकी सांगायचं, मग मूठ उघडून जोड्या लावायच्या. एक उरला तर एकी, काहीच उरलं नाही तर बेकी. या खेळात चिंचोका फोडायचा नाही. हा नियम कुणी बोलून दाखवत नाही, पण सगळा खेळ त्याच्यावरच उभा आहे. फोडायची मुभा दिली तर ७ चिंचोक्यांचेसुद्धा साडेतीन-साडेतीन असे दोन सारखे वाटे होतात, आणि मग हरायचं कुणी?

अपूर्णांकांच्या जगात नेमकं हेच होतं. ३/४ घ्या, त्याची निमपट ३/८ तिथेच हजर. ५/७ ची निमपट ५/१४, तीही हजर. 'दोनने नीट भाग जातो ती सम' ही कसोटी लावली तर प्रत्येक संख्या सम ठरते, आणि जे नाव सगळ्यांनाच लागतं त्याने काहीच कळत नाही. बाकीचंही तसंच. पूर्णांकाला २ ने भागलं तर बाकी ० किंवा १ उरते, तिसरा पर्याय नाही. २.५ ला २ ने भागून पूर्ण भाग बाजूला काढला तर उरतं ०.५. ते ० नाही, १ नाही.

मग आपणच ठरवून टाकू की अर्धा विषम. कुणाचं काय बिघडतं?

करून बघू. विषम अधिक विषम बरोबर सम, हा नियम आपल्याला मोडायचा नाही. १/२ विषम मानला तर १/२ + १/२ सम यायला हवं. येतं १, आणि १ तर विषम. बरं, १/२ सम मानू. सम अधिक सम बरोबर सम. पुन्हा १/२ + १/२ = १, म्हणजे १ सम ठरला. दोन्हीकडून अडचण. अर्ध्याला कुठलंही नाव दिलं तरी बेरजेचा नियम मोडतो किंवा १ चं नाव बदलावं लागतं.

हा युक्तिवाद दोन ओळींचा आहे, पण नीट लक्षात ठेवा. यात सगळे अपूर्णांक अडकले नाहीत. अडकला तो फक्त अर्धा. पुढे हे कामाला येणार आहे.

शून्य सम आहे का?

आहे. ० = २ × ०. शिवाय १ आणि −१ या दोन विषमांच्या मधोमध बसतो. दिल्लीत २०१६ च्या जानेवारीत गाड्यांसाठी सम-विषम योजना आली, तेव्हा ० ने संपणाऱ्या क्रमांकांच्या गाड्या सम तारखेलाच सोडल्या गेल्या. ते बरोबरच होतं.

आणि ऋण संख्या?

−४ सम, −७ विषम. चिन्हाचा इथे काही संबंध नाही. फक्त प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी जपावं. सी आणि जावा या भाषांमध्ये −७ ला २ ने भागल्यावर बाकी −१ मिळते. "बाकी १ असेल तर विषम" अशी अट लिहिली तर −७ तिच्यातून निसटतो. "बाकी शून्य नसेल तर विषम" असं लिहावं.

६/३ हा अपूर्णांक आहे ना? तो तरी सम म्हणायचा का?

६/३ म्हणजे २. कपडे बदलले म्हणून माणूस बदलत नाही, सम आहे. तसंच १५/५ विषम. प्रश्न संख्येला विचारायचा, ती कशी लिहिली आहे त्याला नाही.

यावरून आठवलं, सातबारावरचा ७/१२ हा अपूर्णांक नाही. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एका कागदावर आले म्हणून तसं लिहितात. सर्व्हे नंबर ४५/२ मधली तिरकी रेघही भागाकाराची नाही, हिश्शाची आहे. मुलं हे विचारतात, आणि विचारलंच पाहिजे.

२.४ चा शेवटचा अंक ४ आहे. मग तो सम का नाही?

कारण शेवटच्या अंकाची युक्ती पूर्णांकापुरतीच आहे. ती चालते का, तर १० ही संख्या सम आहे म्हणून. ३७४ म्हणजे ३७ दहा अधिक ४. दहाचा कितीही मोठा गठ्ठा सम असल्याने निकाल एकटा ४ लावतो. दशांश चिन्हाच्या उजवीकडे मात्र एकदशांश, एकशतांश असे तुकडे येतात, आणि ते काही दोनाच्या पटीत नाहीत. शिवाय २.४ आणि २.४० एकच, २.५ आणि २.५० ही एकच. शेवटचा अंक बघून ठरवायचं तर २.५ विषम आणि २.५० सम असं म्हणावं लागेल.

जाता जाता: तीनच अंक वापरून (०, १, २) संख्या लिहायची पद्धत घेतली तर चार ही संख्या ११ अशी लिहिली जाते. शेवटी १, तरी संख्या सम. तिथे सगळ्या अंकांची बेरीज करून ती सम की विषम ते पाहावं लागतं, कारण ३ विषम आहे.

एक्सेल तर २.५ सम असल्याचं सांगतं!

सांगतं खरं. सम आहे का हे तपासणारं त्यातलं 'इझ-ईव्हन' हे फंक्शन दशांश चिन्हापुढचा भाग आधी छाटून टाकतं आणि उरलेल्या पूर्णांकाला प्रश्न विचारतं. २.५ चे २ झाले, म्हणून सम. ३.५ चे ३, म्हणून विषम. हे लपवलेलं नाही, फंक्शनच्या माहितीत लिहिलेलं असतं, पण ती वाचतो कोण? परिणाम असा की २.५ सम, त्यात पुन्हा २.५ मिळवले की ५ विषम. सम अधिक सम बरोबर विषम! हजेरीपटात किंवा बिलात दशांश असण्याची शक्यता असेल तर हे फंक्शन लावण्याआधी संख्या पूर्णांक आहे का ते तपासा.

दक्षिणेचा सव्वा रुपया सम की विषम?

हा माझा आवडता प्रश्न आहे, कारण याला दोन खरी उत्तरं आहेत आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध.

१ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे होते. आजोबांच्या आजोबांनी ब्राह्मणाच्या हातावर सव्वा रुपया ठेवला तेव्हा ते २० आणे होते: सम. जुन्या पैशांत ८०: तेही सम. दशमान आल्यावर तोच सव्वा रुपया १२५ पैसे झाला: विषम. आणि पावल्या (चार आण्यांची नाणी) मोजल्या तर ५: पुन्हा विषम. रक्कम तीच, दक्षिणा तीच, पुण्यही बहुधा तेवढंच. (२५ पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून गेलं, त्यामुळे आता सव्वा रुपया सुट्टा द्यायचीच पंचाईत. लोक सव्वाशे देतात.)

यातून दिसतं ते असं: सम-विषमपणा रकमेला चिकटलेला नसतो, आपण कशाचे किती नग मोजले त्याला चिकटलेला असतो. रुपयांत मोजलं तर सव्वा हा नगांचा आकडाच नाही, म्हणून प्रश्न लागू होत नाही. आण्यांत मोजलं की लागू होतो. 'सव्वा सम की विषम' असं कुणी विचारलं तर आपण उलट विचारायचं, "कशात मोजून?"

भौतिकशास्त्रातही हीच युक्ती आहे. कणांची फिरकी (स्पिन) ०, १/२, १, ३/२ अशा मापांत येते. ती दुप्पट करायची आणि मग सम की विषम ते बघायचं. दुप्पट सम आली तर तो कण बोसॉन (हे नाव सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरून), विषम आली तर फर्मिऑन. इलेक्ट्रॉनची फिरकी १/२, दुप्पट १, म्हणून फर्मिऑन. प्रकाशकणाची १, दुप्पट २, म्हणून बोसॉन.

साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठं. हे साडेतीन कुठल्या खात्यात?

कुठल्याच नाही. साडेतीन म्हणजे ७/२, छेदात दोन अडकलेला आहे. आहेर मात्र आपण ११, ५१, १०१, ५०१ असा विषम ठेवतो, तिथे अपूर्णांकाचा प्रश्न येत नाही.

साडेतीनवरून औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, आठवते. पूर्वी पाठ म्हणून घेत ती पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही अपूर्णांकांच्या पाढ्यांची अख्खी रांग. त्यातली निमकी म्हणून बघा: एक निम अर्धा, दोन निम एक, तीन निम दीड, चार निम दोन, पाच निम अडीच. एकाआड एक पूर्ण संख्या येते. पूर्ण आली तर सुरुवातीची संख्या सम, अर्धा चिकटून आला तर विषम. म्हणजे निमकी म्हणणारं पोर नकळत सम-विषमची चाचणीच घेत होतं.

तुम्ही म्हणालात अडकला तो फक्त अर्धा. मग १/३ चं काय? तो विषम म्हणता येईल?

येईल, आणि इथून पुढचं शाळेच्या पुस्तकात नाही.

अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात लिहा. छेद विषम असेल तर अंशाकडे बघा: अंश सम तर अपूर्णांक सम, अंश विषम तर अपूर्णांक विषम. १/३ विषम, २/३ सम, ४/५ सम, ७/९ विषम. पूर्णांकांचा छेद १ असतो, तो विषमच, त्यामुळे त्यांची जुनी नावं तशीच राहतात.

आता नियम टिकतात का ते बघू. विषम अधिक विषम: १/३ + १/५ = ८/१५, सम. सम अधिक विषम: २/३ + १/५ = १३/१५, विषम. सम अधिक सम: २/३ + ४/५ = २२/१५, सम. गुणाकार, विषम गुणिले विषम: १/३ × ३/५ = १/५, विषम. सम गुणिले काहीही: २/३ × १/५ = २/१५, सम. एकही नियम मोडला नाही, आणि हा उदाहरणांचा योगायोग नव्हे. दोन विषम छेदांचा गुणाकार विषमच असतो. त्यामुळे बेरीज किंवा गुणाकार केल्यावर छेदात दोन कुठूनही शिरत नाही. दोन नसेल तर काट मारताना अंशातला दोन उडत नाही. सगळा हिशोब अंशात चालतो, आणि अंश हे आपले ओळखीचे पूर्णांकच.

थोडक्यात, दोष अपूर्णांकाचा नव्हता. दोष छेदात बसलेल्या दोनचा होता. १/३ ला उगाच शिक्षा झाली.

अतिसंक्षिप्त रूप कशाला हवं?

कारण २/६ आणि १/३ एकच आहेत. नुसता अंश पाहिला तर एकच संख्या एकदा सम आणि एकदा विषम ठरेल. काट मारून झाल्यावरच बघायचं.

म्हणजे ०.२ सम की विषम?

०.२ = १/५, या विस्तारित अर्थाने विषम. शेवटी २ असूनही! ०.४ = २/५ सम, ०.६ = ३/५ विषम, ०.८ = ४/५ सम. आणि ०.१ = १/१०, छेद सम, म्हणून कुठेच नाही. मघाचा २.४ म्हणजे १२/५, तो या अर्थाने सम निघतो, पण शेवटी ४ आहे म्हणून नव्हे.

छेद सम असलेल्यांचं काय करायचं?

त्यांना तिसऱ्या गटात टाकायचं. या गटाची बेरीज भरवशाची नाही. १/२ + १/२ = १, विषम. १/२ + ३/२ = २, सम. १/२ + १/४ = ३/४, पुन्हा तिसऱ्याच गटात. गट माहीत असून बेरजेचा गट सांगता येत नाही, म्हणून त्याला सम-विषमसारखं तिसरं नाव देण्यात अर्थ नाही.

पण एक गोष्ट नेटकी आहे. प्रत्येक संख्येची 'दोनची पातळी' मोजता येते: अंशात किती दोन आहेत वजा छेदात किती दोन आहेत. १२ ची पातळी २ (१२ = २ × २ × ३), ७ ची ०, २/३ ची १, १/२ ची −१, ३/४ ची −२. पातळी ० म्हणजे विषम. त्याच्या वर सगळे सम, खाली तिसरा गट. गुणाकार केला की पातळ्यांची बेरीज होते: १/२ × १२ = ६, आणि −१ + २ = १. बेरीज केली आणि पातळ्या वेगवेगळ्या असल्या तर खालची पातळी जिंकते. हा शेवटचा नियम लहान दिसतो, पण खरं काम तोच करतो.

गणितात हे नवीन नाही. अमुक एका मूळ संख्येच्या पातळीवरून संख्या मोजायची ही कल्पना जर्मन गणिती कुर्ट हेन्सेल यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस मांडली, आणि आज संख्या सिद्धांताचा मोठा भाग तिच्यावर चालतो. आपण फक्त दोनपुरतं बोलतो आहोत.

या विस्तारात काही हातचं जातं का?

जातं. पूर्णांकांत सम-विषम एकाआड एक येतात, ते इथे राहत नाही. ० आणि १/१०० यांच्या मधल्या चिमुकल्या फटीतसुद्धा १/१०१ हा विषम आहे, २/२०१ हा सम आहे, आणि असे दोन्हीकडचे अगणित आहेत. तारखेच्या किंवा पार्किंगच्या कामाला हे निरुपयोगी. तिथे 'आज एक बाजू, उद्या दुसरी' हेच हवं असतं. (खरं तर तारखांतही ते पुरतं पाळलं जात नाही: ३१ तारखेनंतर १ येते, दोन विषम दिवस लागोपाठ. पी-१, पी-२ च्या रस्त्यावर राहणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.)

रस्ते आणि गाड्यांचे क्रमांक सम-विषम ठेवतात, त्यामागे काही गणित आहे का?

गणित नाही, सोय आहे. रेल्वेत जाणारी आणि येणारी गाडी अशा जोडीला लागोपाठचे दोन क्रमांक देतात. मुंबईहून पुण्याला येणारी डेक्कन क्वीन १२१२३, परतीची १२१२४. राष्ट्रीय महामार्गांना २०१० मध्ये नवे क्रमांक दिले तेव्हा उत्तर-दक्षिण मुख्य मार्गांना सम आणि पूर्व-पश्चिम मार्गांना विषम क्रमांक आले. म्हणून पनवेलहून कोकणात उतरणारा ६६ आणि पुणे-सोलापूर-हैदराबाद ६५.

ही सम-विषमची विभागणी किती जुनी?

ग्रीकांकडे युक्लिडने सुमारे ख्रिस्तपूर्व ३०० मध्ये तिची व्याख्या लिहून ठेवली: दोन समान भागांत विभागता येते ती सम. आपल्याकडे पिंगलाच्या छंदःशास्त्रात तिचा वापर फार देखणा आहे. सहा अक्षरांच्या ओळीत लघु-गुरूंच्या किती रचना होतात, हे दोनला दोनने पाच वेळा न गुणता काढायची रीत त्याने सूत्रांत दिली. संख्या सम असेल तर निम्मी करा आणि '२' लिहा. विषम असेल तर १ वजा करा आणि '०' लिहा. ६ सम: निम्मे ३, लिहा २. ३ विषम: उरले २, लिहा ०. २ सम: निम्मे १, लिहा २. १ विषम: उरलं शून्य, लिहा ०. आता १ पासून उलट या. ० दिसला तर दुप्पट, २ दिसला तर वर्ग. १ ची दुप्पट २, २ चा वर्ग ४, ४ ची दुप्पट ८, ८ चा वर्ग ६४. सहा अक्षरांच्या ६४ रचना.

विषम आली की १ वजा करायचा, अर्ध्यात शिरायचं नाही, हे त्या रीतीचं मर्म. आजचे संगणक मोठे घात काढताना याच धर्तीवर चालतात.

१/३ ला विषम म्हणून मिळतं काय? नुसती करमणूक?

करमणूक कमी नाही, पण कामंही आहेत.

पहिलं, घातांक. −८ चं घनमूळ −२ येतं, म्हणजे १/३ घातांकाने ऋण चिन्ह टिकलं. २/३ घात घेतला तर ४, चिन्ह गेलं. १/२ घात, म्हणजे −८ चं वर्गमूळ, वास्तव संख्यांत सापडतच नाही. पूर्णांक घातांकांत विषम घात ऋण चिन्ह राखतो आणि सम घात ते घालवतो, हे आपल्याला माहीत आहे. अपूर्णांकी घातांकही नेमके याच तीन गटांत पडतात: विषम, सम आणि ज्यांच्या छेदात दोन आहे ते. (काही कॅल्क्युलेटर −८ च्या १/३ घातालाही 'एरर' दाखवतात. ती त्यांच्या आतल्या रीतीची अडचण.)

दुसरं, १ + १/२ + १/३ + १/४ + ... ही बेरीज. कितीही पदं घ्या, पहिल्या पदानंतर ती कधीही पूर्णांकावर येत नाही. सहा पदांची बेरीज ४९/२०. आकडेमोड करत बसाल तर हे सिद्ध व्हायचं नाही, पातळीने मात्र चुटकीसरशी होतं. सहापर्यंतच्या छेदांत ४ हा एकटाच दोनदा दोनने भागला जाणारा, म्हणून १/४ ची पातळी −२ आणि बाकी सगळ्यांची त्याहून वर. खालची पातळी जिंकते, म्हणून बेरजेची पातळी −२. छेदात ४ अडकलेलाच राहणार, पूर्णांक कुठून येणार? पदं वाढवली तरी त्या यादीतला दोनचा सर्वांत मोठा घात नेहमी एकटाच असतो, कारण त्याची दुप्पट यादीबाहेर पडते.

तिसरं, कोलाट्झचं कोडं. संख्या सम तर निम्मी करा, विषम तर तिप्पट करून १ मिळवा, आणि हेच करत राहा. धन पूर्णांकापासून निघालं की शेवटी १ वर पोचतो, असा अंदाज आहे. सिद्ध झालेलं नाही. आता १/५ पासून निघून बघा. १/५ विषम: ३/५ + १ = ८/५. सम: ४/५. सम: २/५. सम: १/५. चार पावलांत घरी परत! विषम छेदाचे अपूर्णांक घेतले की असे किती तरी फेरे मिळतात. गणिती त्यांचाही अभ्यास करतात.

√२ किंवा π सम की विषम?

शाळेपुरतं उत्तर: नाहीत. √२ अपरिमेय आहे याचीच सिद्धता सम-विषमवर चालते. √२ अतिसंक्षिप्त अपूर्णांक असता तर अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या दुप्पट, म्हणून अंश सम. मग अंशाच्या वर्गात ४ आला, म्हणून छेदही सम. दोघेही सम, तर अतिसंक्षिप्त कसा? पातळीच्या भाषेत तर एकाच ओळीत: २ ची पातळी १, म्हणून √२ ची अर्धी असायला हवी, आणि कुठल्याही अपूर्णांकाची पातळी अर्धी नसते.

मात्र दोनची पातळी सगळ्या वास्तव संख्यांपर्यंत ताणता येते. ती एकाच ठरावीक रीतीने ताणली जात नाही, पण ताणता येते हे सिद्ध झालेलं आहे, आणि पुढच्या प्रश्नात ते लागतं.

अपूर्णांकांच्या सम-विषमपणाचा सर्वांत अनपेक्षित उपयोग कोणता?

कागदाचा चौरस घ्या आणि त्याचे सारख्या क्षेत्रफळाचे त्रिकोण करा. दोन सोपे, कर्णावर कापा. चार सोपे. सहाही जमतात: आधी तीन सारख्या पट्ट्या, मग प्रत्येकीचे दोन त्रिकोण. आता तीन करून दाखवा. किंवा पाच. त्रिकोण एकसारखे दिसायला नकोत, वेडेवाकडे चालतील, फक्त क्षेत्रफळ सारखं हवं.

जमत नाही. पॉल मॉन्स्की यांनी १९७० मध्ये सिद्ध केलं की चौरसाचे समान क्षेत्रफळाचे त्रिकोण विषम संख्येत कधीच होत नाहीत. सिद्धतेत चौरसातल्या प्रत्येक बिंदूला त्याच्या दोन निर्देशकांच्या 'दोनच्या पातळी'वरून तीनपैकी एक रंग दिला जातो. मग दाखवलं जातं की कसंही कापलं तरी तिन्ही कोपरे तीन वेगळ्या रंगांचे असलेला एक तरी त्रिकोण सापडतोच, आणि अशा त्रिकोणाच्या क्षेत्रफळाची पातळी −१ किंवा त्याहून खाली असते. चौरसाचं क्षेत्रफळ १ धरलं आणि पाच सारखे त्रिकोण केले, तर प्रत्येकाचं क्षेत्रफळ १/५. हा विषम, पातळी ०. म्हणजे पाच होणार नाहीत. सहा केले तर १/६, पातळी −१. म्हणून सहाला ही आडकाठी येत नाही.